तेरा तळहात

अण्णा,

तुमच्या कॅमेऱ्यावरची चकती सैल झालेली नव्हती. ती काळी चिकटपट्टी मी लावली, ती तुम्हाला चकती फिरवता येऊ नये म्हणून. हे तुम्हाला सांगायचं म्हणून मी किती वर्षं मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, तुम्ही होतात तेव्हाही आणि गेल्यावरही. आज लिहायला बसले आहे, पण सांगायचं होतं ते आता निराळंच होऊन बसलं आहे. इतकी वर्षं मला वाटत होतं, फसवणारी मी आणि फसलेले तुम्ही. गेल्या आठवड्यात एक जुनी सीडी उघडली आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. दोनदा भात लागला. मधूनच सुरू केलेलं तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

तुळिंजच्या आपल्या दोन खोल्या. दुपारची जेवणं झाली, आईने ओटा पुसून दिला, की खिडकीला घोंगडी लागायची आणि लाल दिवा पेटायचा. ओट्यावर तीन ट्रे मांडलेले. मी चिमटा धरून तुमच्या शेजारी उभी आहे. पांढऱ्या कागदावर कुणाचा तरी चेहरा हळूहळू वर येतो आहे, आधी केस, मग भुवया, सगळ्यात शेवटी ओठ. आई दारामागून म्हणते, "माझ्या आमटीला तुमच्या औषधाचा वास येतो हो, पोरं जेवणार कशी?" आणि तुम्ही म्हणता, "फोटोला आमटीचा वास येतो, त्याचं मी काही बोलतो का?" मग हसू दाबत माझ्या कानाशी येऊन तुम्ही धडा द्यायचात. तो मला अजून तुमच्या आवाजात ऐकू येतो. "बाय, कॅमेऱ्याला सगळं जग राखाडी वाटतं. त्याला पांढरं दाखवलंस तर तो त्याला राखाडी करणार, काळं दाखवलंस तरी राखाडीच करणार. पांढरं ते पांढरं नि काळं ते काळं, हे त्याला सांगणारं माणूस मागे उभं लागतं." मग डावा हात पुढे करायचात. अंगठ्याखाली कोयतीचा जुना वण असलेला तो तळहात. "तळहात सगळ्यांचा जवळजवळ सारखा. गोऱ्याचा काय नि काळ्याचा काय. काही सुचलं नाही तर तळहातावर पडलेला उजेड बघ."

आकडे तुम्ही कधी वाचले नाहीत. भिंगाभोवतीचं कडं आधी पूर्ण बंद करायचं आणि मग बोटाने मोजत उघडायचं. टक म्हणजे एक घर, आणि एक घर म्हणजे दुप्पट उजेड. गिरीजच्या चर्चच्या अंगणात उन्हात दोन घरं, नारळीखाली चार, केळीच्या दाट वाडीत पाच. नवरा-नवरीशी गप्पा मारता मारता तुमचं बोट मोजत असायचं, कॅमेऱ्याकडे बघायचीही गरज नसायची. गिरीजची लग्नं म्हणजे तर तुमची शान. नवरीचा पांढरा झगा पांढराच यायचा, त्यावरची जाळीसुद्धा दिसायची, आणि शेजारी नवऱ्याचा काळा कोट काळाच यायचा. दोन्ही एका फोटोत आणणं सोपं नसतं, हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्यांदा कळलं ते एकोणीस वर्षांची असताना, आणि तेही झग्याची वाट लावून. तुम्ही हौसेने दुसरा कॅमेरा घेतला होता, उजेड स्वतः ठरवणारा. त्याच दिवशी विरारला दुसरं लग्न होतं म्हणून गिरीजचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत. मी सगळं त्या कॅमेऱ्यावर टाकून मोकळी झाले. बघायचं नि दाबायचं. चर्चच्या दारात नवरी उभी, मागे भरदुपारचं ऊन, आणि मी मात्र तिच्या मैत्रिणींच्या केसांतली फुलं बघत होते. फोटो धुऊन आले तेव्हा झगा नीळ न घातलेल्या चादरीसारखा मळकट आणि पोरीचं तोंड काळंठिक्कर. लॅबवाल्यानेही हात टेकले. तुम्ही मला बरोबर घेतलंत आणि गिरीजला गेलो. नवरीची आई वाडीत भाजी काढत होती, लाल लुगडं, हात मातीने भरलेले. तिला आपण मावशी म्हणायचो. तुम्ही पाकीट पुढे केलंत आणि म्हणालात, "मावशी, माझा हात चुकला." माझा, असं म्हणालात. मी मागे उभी होते, मला वाटलं होतं आता माझी पूजा बांधली जाणार. मावशीने फोटो बघितले आणि म्हणाली, "असू दे अण्णा. लगीन तर उजेडात लागलं ना पोरीचं? झालं तर." वर केळीचा एक फणा माझ्या हातात दिला.

परत येताना रस्त्यात तुम्ही जे बोललात तेवढंच. "फोटो बिघडला त्याचं काही नाही, माझेही बिघडलेत. तू बघितलंच नाहीस, त्याचं वाईट वाटलं. मशीन अंदाज करतं, बघायचं आपण." मी म्हणाले, "पण मी काहीच केलं नाही, कॅमेऱ्याने केलं." तुम्ही थांबलात. "तेच तर," म्हणालात. दुसऱ्या दिवशी तुम्ही तो नवा कॅमेरा कपाटात ठेवलात आणि तुमचा जुना, कडं झिजलेला कॅमेरा माझ्या गळ्यात घातलात. इतर मुलींना वडील सोन्याची साखळी घालतात, मला चामड्याचा पट्टा मिळाला. मी तेव्हा नाक मुरडलं होतं. तो पट्टा अजून माझ्याकडे आहे.

मग सगळं भराभर बदललं. रिळं गेली, ओट्यावरचे ट्रे माळ्यावर गेले, आई गेली. तुमच्या डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला आणि मग उजव्यातही. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळा. तुम्ही साठ वर्षांचे झालात तेव्हा मी तुम्हाला डिजिटल कॅमेरा आणला. वर एक गोल चकती, तिच्यावर अक्षरं. हिरवा चौकोन म्हणजे सगळं कॅमेरा बघणार, पी म्हणजे उजेड तो ठरवणार, आणखी दोन अक्षरं म्हणजे अर्धं तुम्ही अर्धं तो. आणि एम म्हणजे सगळं तुम्ही. मी एकेक समजावून सांगत होते, तुम्ही मान डोलावत होतात, आणि शेवटी म्हणालात, "हे एम तेवढं आपलं." बोटाखाली एक चाक होतं, फिरवलं की टकटक वाजणारं. ते वाजलं तसा तुमचा चेहरा उजळला. म्हणालात, "आवाज तोच आहे गो."

त्या चाकावर तुम्ही दोन लग्नं काढलीत, एक चंदनसारचं आणि एक गिरीजचं. उन्हातले फोटो जरा दबलेले होते, पण मी ते संगणकावर सावरून घेतले. सावलीतले मात्र पार काळे. मी काय समजले? सावलीत तुम्हाला दिसत नाही. साधी गोष्ट वाटली मला, काचबिंदूच्या माणसाला अंधुक उजेडात आणखी कमी दिसतं, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. चंदनसारची पार्टी आपल्या फोटोच्या दुकानात येऊन माझ्याशी हळू आवाजात बोलून गेली, तुम्हाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी ज्या नजरेने स्टुलावर बसलेल्या तुमच्याकडे बघितलं, ती मला सहन झाली नाही. त्याच दुपारी मी चकती पी वर आणून ठेवली आणि वरून पट्टी मारली. तुम्ही विचारलंत, "हे काय?" मी म्हणाले, "चकती सैल झालीय अण्णा, आपोआप फिरते, म्हणून." तुम्ही बोटाने पट्टी चाचपून बघितलीत आणि म्हणालात, "बरं केलंस."

पी ची गंमत अशी की चाक तिथेही वाजतं. फिरवलं की आकडेही हलतात. फक्त एक वर गेला की दुसरा तेवढाच खाली येतो आणि फोटोवर पडायचा तो उजेड तेवढाच राहतो. म्हणजे तुम्ही मोजत राहणार, टक टक टक, आणि ठरवणार कॅमेरा. मला ही युक्ती फार चांगली वाटली होती, अण्णा. तुमचा मानही राहील आणि फोटोही येतील. पांढऱ्या झग्याचं मात्र तेच जुनं दुखणं, तो राखाडीच येणार. त्यासाठी मी प्रत्येक कामाला तुमच्याबरोबर यायची, आणि नवरी समोर आली की "थांबा अण्णा, भिंग पुसते" म्हणून कॅमेरा हातात घ्यायची, ओढणीने उगाच दोनदा भिंग पुसायची आणि अंगठ्याने उजेड एक घर वाढवून ठेवायची. तुम्ही म्हणायचात, "किती पुसतेस गो? भिंग झिजेल अशाने." फोटो झकास यायला लागले. एकदा दुकानात फोटो डोळ्यांच्या अगदी जवळ धरून तुम्ही म्हणालात, "हात बसला बघ नव्या कॅमेऱ्यावर." मी हो म्हणाले आणि आत जाऊन तोंड धुतलं.

एक दीड वर्ष असं चाललं. मग एका सकाळी गिरीजहून मावशीच्या मुलाचा फोन आला. मावशी गेली होती. त्यांच्याकडे शवपेटी उचलायच्या आधी सगळं घर भोवती उभं राहून फोटो काढतात, परदेशात असलेल्यांना पाठवायला आणि घरात ठेवायला. तो रडत होता. "तिने सांगून ठेवलंय, माझा शेवटचा फोटो अण्णाच काढतील. आमच्या चारी बहिणींची लग्नं तुम्हीच काढलीत ना." मला त्याच वेळी चंदनसारला साखरपुडा होता, नाही म्हणता येत नव्हतं. मी तुम्हाला म्हणाले, दुसऱ्या कुणाला तरी पाठवू. तुम्ही सदरा बदलून उभे. "मावशीचं काम आहे. मी जातो." रिक्षात बसवून दिलं आणि दिवसभर माझा जीव टांगणीला. पांढऱ्या अस्तराची पेटी, पांढरी फुलं, आणि भिंग पुसणारं कुणी नाही. सगळं राखाडी येणार, मावशीचं तोंड काळं येणार, तिच्या लेकीचं आलं होतं तसंच. मी साखरपुड्यात अंगठीऐवजी घड्याळच बघत होते.

संध्याकाळी तुम्ही आलात, कॅमेरा माझ्या हातात दिलात आणि आडवे झालात. पट्टी जागच्या जागी होती. एक कोपरा जरासा वर आला होता, तो मी अंगठ्याने दाबून बसवला. फोटो संगणकावर घेतले आणि बघतच राहिले. पडवीत ठेवलेली पेटी, अस्तर पांढरं शुभ्र, त्यात मावशीचं लाल लुगडं लाल, भोवती काळ्या साड्यांतल्या लेकी, आणि मावशीच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती. मागच्या कामाचा वाढवलेला उजेड तसाच राहिला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मला हायसं वाटलं होतं, आणि हायसं वाटलेलं माणूस प्रश्न विचारत नाही. सुरुवातीला बरेच हाताचे फोटो होते, आधी काळे, मग उजळ होत गेलेले. म्हटलं, चुकून बटण दाबलं गेलं असणार.

मावशीचा मुलगा आणि सून फोटो न्यायला आले तो दिवस. तुम्ही स्टुलावर बसला आहात, चष्मा पुसता आहात. मुलगा मोठा फोटो दोन्ही हातांत धरतो. मग म्हणतो, "अण्णा, आई झोपल्यासारखी वाटते हो." सून म्हणते, "पांढरं बघा किती पांढरं आलंय." आणि मी, अण्णा, मी हसत हसत म्हणते, "आता काय, सगळं ऑटोमॅटिक आहे. कॅमेराच ठरवतो. अण्णांनी नुसतं बटण दाबायचं." तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "आणि ते दाबता दाबता बघा, स्वतःचा हातच काढत बसले." ती दोघं हसली, वाईट हेतूने नाही, तीन दिवसांनी पहिल्यांदा हसायला मिळालं म्हणून. बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की पट्टीचं बिंग मीच फोडलं. मी घाबरून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही डावा हात सदऱ्याच्या खिशात घातलात आणि म्हणालात, "हो. कॅमेरा चांगला आहे." मी मनात म्हटलं, सुटले, कळलेलं दिसत नाही.

त्यानंतर तुम्ही कामाला गेला नाहीत. म्हणालात, "डोळे साथ देत नाहीत आता, तूच बघ." मीही सगळ्यांना तेच सांगितलं, काचबिंदू. दुकानात बसायचात, पासपोर्ट फोटोवाल्याची कॉलर सरळ करायचात, पोरांना हसवायचात. कॅमेऱ्याला हात लावला नाहीत. दोन वर्षांनी गेलात.

आणि आता गेल्या आठवड्यात मावशीची नात दुकानात आली. तिच्या आईचंच ते मळकट झग्याचं लग्न. भिंतीवरचा आजीचा फोटो ओल लागून खराब झाला होता, तिला नवा हवा होता. मी माळ्यावरून सीड्यांचा डबा काढला. मोठा फोटो करायचा म्हणून त्याची माहिती उघडून बघितली, त्या काळी मी ती कधी बघितली नव्हती. कॅमेरा सगळं लिहून ठेवतो, अण्णा, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. प्रत्येक फोटोमागे तो किती उघडला आणि कोणी ठरवलं, ते लिहिलेलं असतं. मावशीच्या फोटोखाली लिहिलं होतं, मॅन्युअल, म्हणजे तुमचं ते एम. मला वाटलं वाचण्यात चूक झाली. पुढचा, मॅन्युअल. त्या दिवशीचे सगळे, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मग मी ते हात बघितले. मोजले, तेरा आहेत. पहिल्यात तुमचा तळहात जवळजवळ दिसतच नाही, काळोखात एक कडा तेवढी. खाली लिहिलंय बावीस, म्हणजे पूर्ण बंद. पुढे वीस, मग अठरा, मग सोळा. प्रत्येक फोटोत चाक एकेक टक पुढे. हात हळूहळू वर येतो आहे, ओट्यावरच्या त्या ट्रेमध्ये चेहरे यायचे तसा. आधी बोटं, मग रेषा, मग अंगठ्याखालचा वण. तेराव्यात पाच पूर्णांक सहा, आणि तळहात अगदी तळहातासारखा. बारा टक आणि चार घरं. नव्या कॅमेऱ्यात एका घराला तीन टक लागतात, अण्णा. जुन्यात एक लागायचा. मला माहीत होतं. पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि मी रोज तेच चाक फिरवत होते. तुम्ही बोटाने मोजता हे मला लहानपणापासून माहीत होतं. दोन्ही माहीत असून ती दोन मी कधी एकत्र ठेवली नाहीत. दोन लग्नं काळी आली ती नारळीखाली तुम्ही चार टक मोजलेत म्हणून. बारा मोजायला हवे होते, एवढंच. डोळ्यांचा त्यात काही दोष नव्हता. मी तुम्हाला एवढं एक वाक्य सांगायला हवं होतं, आणि मी पट्टी लावली.

तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असणार. दोन टक फिरवा नाहीतर वीस, फोटो तसाच, हे ज्याची बोटं तीस वर्षं मोजत आली त्याच्यापासून लपेल होय? तरी तुम्ही म्हणालात, हात बसला बघ. माझ्यासाठी म्हणालात. मावशीच्या दारात मात्र तुम्ही पट्टी काढलीत, तिथे तुम्हाला मशीनचा अंदाज चालला नाही. माडाखाली उभं राहून, आत रडारड चालू असताना, हात पुढे धरून नवा हिशोब बोटांना शिकवलात. काम झाल्यावर चकती पुन्हा पी वर आणलीत आणि पट्टी तशीच चिकटवून ठेवलीत, मला कळू नये म्हणून. माझं खोटं तुम्ही झाकलंत. आणि मी गिऱ्हाईकासमोर काय म्हणाले? माझा फोटो बिघडला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, माझा हात चुकला. तुमचा आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो आला तेव्हा मी म्हणाले, कॅमेऱ्याने केलं.

मावशीच्या नातीला मी हे सांगितलं, निदान तिला तरी. ती म्हणाली, "आमच्या घरी सगळ्यांना म्हाईत आहे की. मामा तर नेहमी सांगतो, अण्णा आधी अर्धा तास झाडाखाली आपल्या हाताचे फोटो काढत होते. तो बोलवायला गेला तर म्हणाले, थांब जरा, मावशीला पांढरं आणायचंय." म्हणजे माझ्या बोलण्यावर तो मुलगा हसला तेव्हा त्याला माहीत होतं. तो तुमच्या खातर गप्प बसला, का माझ्या, ते आता कोण सांगणार.

हे पत्र दुकानात संगणकाशेजारी बसून लिहिते आहे. कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे पाकीट शोधलं नाही. घरच्यांना मी सांगितलं की अण्णांच्या हाताचे फोटो मी इतकी वर्षं जपून ठेवले होते, आणि सगळ्यांना ते फार आवडलं. तुम्हाला तरी खरं सांगते. मी ते जपले नव्हते. सीडी करताना पुसायला घेतले होते, पहिल्यावर बोटही ठेवलं होतं. तेवढ्यात कुणीतरी पासपोर्ट फोटोला आलं, आणि नंतर एकेक करून तेरा पुसायचा मला कंटाळा आला.